नॉबवर कोणाचा हात

"भिंगरे, स्पीड जरा कमी ठेव. शाफ्ट लांब आहे," दादा म्हणाला.

मी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हटलं, "दादा, आता सेटर मी आहे ना?"

तो हसला आणि गप्प बसला. भांडला असता तर बरं झालं असतं. पूर्वीचा दादा असता तर माझ्या डोक्यात टपली मारून त्यानं स्वतःच आकडा बदलला असता. हा दादा बाजूला झाला, आणि मी माझंच घोडं पुढे दामटलं.

आधी दादा कोण ते सांगते. माझा सख्खा मोठा भाऊ, लहानपणापासून मला लाडानं भिंगरी म्हणणारा. माझ्या आधी या कारखान्यात तोच सेटर होता. सेटर म्हणजे मशीनला काम लावून देणारा. कापायला कुठलं टूल घ्यायचं, जॉब म्हणजे मशीनवर चढवलेला लोखंडी तुकडा किती स्पीडनं फिरवायचा, टूल किती वेगानं पुढे न्यायचं, हे सगळं तो ठरवतो. ऑपरेटर जॉब चढवतो, बटण दाबतो आणि राखण करतो. मी कॉलेज अर्धवट सोडून घरात तोंड पाडून बसले होते, तेव्हा दादानं मला हाताला धरून इथं आणलं. बहिणीला कसलं हे तेलकट काम शिकवतोस, म्हणून लोक त्याला टोकायचे. "मशीनला कळतं का समोर कोण उभं आहे ते?" एवढंच तो म्हणायचा. शिकवताना असा ओरडायचा की शेजारच्या गाळ्यातले लोक डोकावून जायचे. पण शिकवलं. मला जे काही येतं ते त्याचं आहे.

मग एक दिवस त्याची स्कूटर घसरली आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. जीव वाचला, पण आठवणींना भोकं पडली. जुनं सगळं लख्ख, आणि आजचं मात्र धड काही नाही. जेवलो की नाही, दार लावलं की नाही, तेच तेच विचारायचा. हळूहळू सुधारला. डॉक्टर म्हणाले, आता चांगला आहे, कामावर जाऊ दे, त्यानंच उरलेलं भरून निघेल. मालक मात्र ऐकेनात. "अगं, मशीन आहे ते, खेळणं नाही," म्हणाले. मी त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडलं. माझ्या हाताखाली द्या, त्याची जबाबदारी माझी, असं ठणकावून सांगितलं. शेवटी मालक कबूल झाले. "ऑपरेटर म्हणून घेतो. पण मोठी चूक झाली तर त्याला मशीनवरून उतरवावं लागेल. मग माझ्याशी भांडायला यायचं नाही."

म्हणजे ज्याच्या हाताखाली मी शिकले तो आता माझ्या हाताखाली. त्यानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. एकदा दूध करपून पातेलं काळंठिक्कर झालं होतं, तेव्हापासून वहिनी त्याला गॅसजवळ फिरकू देत नव्हती. कामाच्या पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा तीच म्हणाली, "आजचा चहा तुम्ही करा." चहा इतका पाणचट झाला होता की काय सांगू! पण आम्ही दोघींनी दोन-दोन कप रिचवले, आणि वहिनी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसत होती.

आता त्या शाफ्टचं. कागदाच्या कारखान्यातल्या मोठ्या रोलरचा शाफ्ट होता तो. त्यांचं काम बंद पडलं होतं आणि त्यांचा माणूस मालकांच्या कानाशी सारखी भुणभुण लावून होता. आमच्याकडे एकानं तो लेथवर घडवला, दुसऱ्यानं त्यात खाच पाडली, ग्राइंडरवाल्यानं घासून आरशासारखा केला. ग्राइंडरवाला तर असा माणूस, की त्याच्या जॉबवर कोणी बोट ठेवलं तरी फडक्यानं पुसून टाकतो. राहिलं होतं फक्त टोकाला आटे पाडायचं काम, ज्यावर मोठा नट बसणार होता. सगळ्यात शेवटचं काम आणि सगळ्यात वाईट, कारण इथं बिघडलं की आधीच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात. आणि मालकांनी सकाळपासून चार वेळा डोकावून "झालं का?" विचारलेलं. मला भरभर उरकायचं होतं. म्हणून मी स्पीड चढा ठेवला.

आटे कसे पडतात ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. टूल एकाच खाचेतून पुन्हा पुन्हा जातं, दर फेरीला केसभर खोल. जॉबची एक गिरकी होते तेवढ्यात टूल बरोबर एक आटा पुढे सरकायला हवं. म्हणून आटे पडताना फीडचा, म्हणजे टूल पुढे नेण्याच्या वेगाचा नॉब तुम्ही कितीही फिरवा, मशीन ढुंकूनही बघत नाही. स्पीडचा नॉब मात्र आमचं हे जुनं मशीन ऐकतं, आणि गोम तिथंच आहे. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत स्पीड एकच पाहिजे. मध्येच बदलला तर टूल खाचेत किंचित पुढेमागे शिरतं, खाच रुंदावते, आटा बारीक होतो. दिसायला चकाचक, पण नट चढवला की डुगडुगतो. कामावर नवीन आलेल्या माणसाला हे आम्ही पहिल्यांदा सांगतो. मी स्वतः सांगते, बोट नाचवून सांगते.

दादानं बटण दाबलं. पहिल्या काही फेऱ्या बऱ्या गेल्या. मग खोली वाढली तसा शाफ्ट थरथरायला लागला आणि किंचाळायला लागला. असा आवाज, की ग्राइंडरवाल्यानं लांबून मान वळवली. दादानं माझ्याकडे पाहिलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याचं ते न बोलणंच मला झोंबलं.

"दादा, स्टोअरमधून आटे तपासायचं गेज घेऊन ये ना," मी म्हटलं.

"आत्ता? चालू आहे ना ते."

"मी आहे इथं. तू जा."

तो गेला. त्याला मुद्दाम घालवलं असं मी म्हणणार नाही... नाही, मुद्दामच घालवलं. त्याच्यासमोर स्पीड कमी करणं म्हणजे त्याचं बरोबर होतं हे कबूल करणं. तो वळणावर दिसेनासा झाला आणि मी स्पीडचा नॉब खाली फिरवला. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण ते किंचाळणं बंद करायचं होतं, थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या, आणि मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय! आवाज थांबला. मला तर वाटलं, जिंकले.

तेवढ्यात मालकांनी केबिनच्या दारातून हाक मारली. कागद कारखान्याचा माणूस फोनवर होता आणि त्याला सेटरच्याच तोंडून ऐकायचं होतं. मी गेले. आमच्याकडे कॅमेरा आहे, पण तो गेटकडे तोंड करून. मालकांना भीती माल चोरीला जायची, कामातल्या चुकांची नाही. फोन संपेपर्यंत दादा दारात येऊन उभा. "झालं," म्हणाला. चेहरा खुललेला. मालक आणि मी त्याच्यामागून गेलो. मशीन थांबलेलं होतं आणि स्पीडचा नॉब शंभरावर, म्हणजे ठरवलेल्या पूर्ण स्पीडवर होता. काम संपलं की सगळे नॉब शंभरावर आणून ठेवायचे, ही दादाची पहिल्यापासूनची शिस्त. अपघातानंही ती पुसली गेली नव्हती.

आटे सुंदर दिसत होते. मालकांनी नट चढवला, दोन बोटांनी हलवला. डुगडुग. पुन्हा हलवला. ग्राइंडरवाला हातातलं फडकं तसंच धरून जवळ आला, नट बघितला आणि परत गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

मालक काही खुर्चीवर बसून मालक झालेले नाहीत, लेथवर उभे राहून झालेत. त्यांनी नट काढला आणि विचारलं, "चालू असताना स्पीडला कोणी हात लावला?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण दादा आधी बोलला.

"मी लावला असेन."

"असेन म्हणजे?"

दादानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "नॉब खाली होता. मी तो वर फिरवला, हे आठवतंय. पण तेव्हा मशीन चालू होतं की थांबलं होतं..." त्यानं कपाळ चोळलं. "ते आठवत नाही. आणि खाली कोणी केला असेल? मीच केला असेन आधी. इथं मीच तर होतो."

आणि मी काय केलं? मूग गिळून उभी राहिले. मालकांची भीती म्हणा, काय वाटेल ते म्हणा. खरं हे की, एका क्षणात मला सुटल्यासारखं वाटलं. आपल्या सख्ख्या भावाच्या मागे लपून सुटल्यासारखं वाटलं. तो क्षण गेला आणि मग लाजेनं मान वर होईना.

मालक ओरडले नाहीत. दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जा घरी, आराम कर. उद्या बघू." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही." खाली जमीन फाटावी आणि आपण तिच्या पोटात जावं, असं लोक म्हणतात ना, ते मला तिथं कळलं.

घरी दादानं वहिनीला स्वतःच सांगितलं, अगदी सरळ, बाजारातून काय आणायचं राहिलं ते सांगावं तसं. मग सवयीनं चहा करायला उठला. वहिनी पुढे होऊन म्हणाली, "बसा तुम्ही. मी करते."

"हो, तूच कर," तो म्हणाला आणि लगेच खाली बसला. जरा वेळानं मला म्हणाला, "भिंगरे, सकाळी मी दाराला कुलूप लावलं होतं ना?"

"लावलं होतंस रे."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"नाही, मग ठीक आहे." आणि पुन्हा उठून दार बघून आला.

हे विचारणं बंद होऊन किती तरी दिवस झाले होते. रात्री जेवायला बसलो तेव्हा मी ताट बाजूला सारलं आणि बोलून टाकलं. सगळं. स्पीड चढा ठेवला तो मी, तुला स्टोअरमध्ये पाठवलं ते मुद्दाम, नॉब खाली केला तो मी. "तू परत आलास तेव्हा काम संपलं होतं, दादा. तू नुसता नॉब जागेवर आणलास. तुझी काही चूक नाही."

दादा ऐकत राहिला आणि मग हसायला लागला. मनापासून हसला. "वेडी आहेस तू. आठवतं का, काच मी फोडली होती आणि मार तू खाल्लास? बाबांना काय ठणकावून सांगितलं होतंस, मीच चेंडू मारला म्हणून! तुला तर धड चेंडू फेकताही येत नव्हता."

"ते वेगळं होतं! हे खरं आहे!"

"तेव्हाही असंच म्हणाली होतीस."

"अरे, तुझा हात नॉबवर होता, पण नंतर!"

"नंतर की आधी, ते मला सांगता येत नाही," तो समजावत म्हणाला. "आणि तू तिथं होतीस कुठे? तू तर फोनवर होतीस. जेव आता."

माझ्या बाजूनं साक्ष देऊ शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. भांडी घासताना वहिनी माझ्या शेजारी आली. नळ मोठा सोडला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"खरं सांगतेस ना?"

"तुझी शपथ, वहिनी."

"मला पटलं," ती म्हणाली. मला वाटलं आता ती मला जवळ घेईल. कसलं काय! तिनं हातातलं पातेलं दाणकन आपटलं. "मग तिथं का नाही बोललीस? तिथं, त्या क्षणाला? मी या माणसाला पुन्हा उभं करायला काय काय केलंय ते तुला माहीत आहे. तू रोज बघत होतीस. आणि आता घरी येऊन सांगतेस? आता त्यांना कोण पटवणार, तू की मी?" तिला रडू येत होतं आणि राग जास्त येत होता. तिचं सगळं बरोबर होतं.

सकाळी मी दादाला घेऊन सरळ केबिनमध्ये घुसले आणि मालकांसमोर पुन्हा तेच सांगितलं. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बहीण असावी तर अशी," म्हणाले. माझं टाळकंच सटकलं. मी म्हटलं, चला मशीनवर, दाखवते. भंगारातला एक तुकडा चढवला, तोच चढा स्पीड, तेच आटे, त्याच फेरीला नॉब खाली. नट चढवून मालकांच्या हातात दिला. तसाच डुगडुगत होता.

"पटलं?"

"कसं झालं ते पटलं," मालक म्हणाले. "कोणी केलं ते हा तुकडा थोडाच सांगणार? आणि तू हे काल सांगितलं असतंस तर मी एका शब्दानं विचारलं नसतं गं. काल तू गप्प होतीस. एका रात्रीत आठवलं होय?"

कालचं माझं गप्प बसणं हाच दादाविरुद्धचा पुरावा झाला होता, आणि तो मीच दिला होता.

दादा मध्ये पडला. "मालक, तिला बोलू नका. मीच सांगतो. मला पॅकिंगला टाका. तिथं काही बिघडत नाही." मालकांना सुटल्यासारखं झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आरडाओरडा केला, नोकरी सोडायची धमकी दिली. दादानं मला बाहेर आणलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "माझ्यासाठी स्वतःचं नाव खराब करून घेऊ नकोस. तू चांगली सेटर आहेस." चांगली सेटर! माझ्या कानाखाली वाजवली असती तर एवढं लागलं नसतं.

तेव्हापासून तो पॅकिंगला आहे. खोकी चिकटवतो, वर कागद लावतो, आणि प्रत्येक खोकं बंद केल्यावर पुन्हा उघडून बघतो. तिथली बाई मला म्हणाली, "तुझा भाऊ फार नीटनेटका आहे हो."

नवा शाफ्ट तयार होऊन आला तेव्हा सगळ्यांनी पुन्हा तेवढाच घाम गाळला होता. ग्राइंडरवाल्यानं तो माझ्याकडे दिला तेव्हा म्हणाला, "सांभाळ बाई," आणि नजर न मिळवता गेला. मी स्पीड कमी ठेवला. टोकाला आधार लावला, टूलची टीप नवी घातली, फेऱ्या वाढवून प्रत्येक फेरी हलकी केली. मग मालकांना म्हटलं, बटण दादाच दाबेल, नाहीतर मी दाबणार नाही. मालकांनी हात हलवला, म्हणजे काय करायचं ते करा.

दादा पॅकिंगमधून आला. मशीनपासून चार हात लांब उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून. दुसऱ्याच्या घरात काचेची वस्तू बघताना आपण उभे राहतो ना, तसा.

"ये ना इकडे. बटण तू दाब."

"नको गं."

"दादा, माझ्यासाठी. मी सगळं बघून ठेवलंय. नुसतं बटण आहे ते."

"नको म्हटलं ना."

मी त्याचा हात धरून ओढला. त्यानं तो असा हिसडून सोडवून घेतला की मी दचकले. माझ्या आयुष्यात मी दादाला कशालाही घाबरलेला पाहिला नव्हता, हॉस्पिटलमध्येसुद्धा नाही. तो त्या हिरव्या बटणाला घाबरला होता.

मग मीच दाबलं. शाफ्ट शांत फिरला, टूल फेऱ्यांवर फेऱ्या घेत राहिलं, कुठं कुरकुर नाही. मी दोन्ही हात खिशात घालून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालकांना वाटलं, टेन्शननं. काम संपलं, त्यांनी नट चढवला. लोण्यासारखा गेला. हलवून बघितला, जागचा हलला नाही. ग्राइंडरवाल्यानं लांबूनच अंगठा दाखवला.

दादा आता पुढे आला. त्यानं आट्यांवरून बोट फिरवलं, नट थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. त्याचा चेहरा इतका आनंदला होता की मला वाटलं, आता म्हणेल, आण, पुढचा जॉब मी चढवतो. मी तर हातमोजे त्याच्यापुढे धरलेसुद्धा.

त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. "बघ भिंगरे," तो अगदी प्रेमानं म्हणाला, "माझा हात लागला नाही, तर कसं छान झालं."